पेटी आणि ढोलकीचा अबोला

अंबडच्या आसपासच्या गावांत गायन पार्ट्यांना तोटा नव्हता. जयंती जवळ आली की ज्याच्या घरी खंजिरी तो गवई. पण अप्पारावांच्या पार्टीची गोष्ट निराळी, हे त्यांच्यावर जळणारेही कबूल करायचे. "बांधलेली पार्टी हाये," लोक म्हणायचे. उचललं तर सगळ्यांनी एकदम, थांबलं तर सगळ्यांनी एकदम. शेवटच्या तोडीनंतर, म्हणजे गाणं जिथे तोडून थांबवतात तिथे, ना पेटीचा सूर मागे रेंगाळायचा, ना ढोलकीची एखादी थाप चुकून पुढे पळायची. नव्या गावचे लोक विचारायचे, एवढी तालीम करता तरी कधी? अप्पाराव मिशीतल्या मिशीत हसायचे. आणि कौसल्या, म्हणजे त्यांची बायको आणि पार्टीची गाणारीण, पदर सारखा करायच्या निमित्ताने दुसरीकडे बघायची. खरं उत्तर चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. पेटी वाजवणारा तिचा नवरा आणि ढोलकी वाजवणारा तिचा धाकटा भाऊ तातेराव, हे दोघं गेली दोन वर्षं एकमेकांशी एक अक्षर बोलत नव्हते.

भांडणाचं कारण ऐकून कुणालाही हसू यावं. मंठ्याला कार्यक्रम होता, दुष्काळ सरल्यानंतरचा पहिलाच मोठा. लाउडस्पीकरवाल्याने घाईघाईत पार्टीचं नाव विचारलं. अप्पाराव पेटी उतरवून घेत होते, त्यांनी सहज आपलं नाव सांगून टाकलं. मग साऱ्या मंठ्याने ऐकलं, आता गाणी सादर करीत आहेत अप्पाराव आणि पार्टी. तातेराव ढोलकी चढवत होता, त्याचा हात तिथेच थांबला. पार्टी उभी केली ती त्याच्या वडिलांनी. पेटीसुद्धा त्यांचीच. मुलाचा हात सुरांवर बसेना, ढोलकीवर मात्र असा बसला की सुटेना, म्हणून जाताना त्यांनी पेटी जावयाच्या हवाली केली होती. कार्यक्रम आटोपल्यावर तातेरावाने शांतपणे विचारलं, "दाजी, तुमी अप्पाराव. अक्का गाती. मंग मी कोन? पार्टी?"

अप्पाराव दमलेले होते, आणि दमलेला माणूस नको तेच बोलतो. ते म्हणाले, "मंग काय तर. ढोलकी कधी आपलं नाव सांगती का?"

झालं. त्या दिवसापासून दोघांची तोंडं दोन दिशांना. सगळ्यांना वाटलं, तातेराव आता ढोलकी घेऊन वेगळा होणार. पण बापाने उभी केलेली पार्टी दाजीच्या घशात घालायला तो खुळा नव्हता. तालमीला तो रोज यायचा, उलट सगळ्यांच्या आधी यायचा, आणि पेटीकडे अर्धी पाठ करून बसायचा. बोलणं व्हायचं ते कौसल्येमार्फत. नवरा हातभर अंतरावर बसलेला, भाऊ हातभर अंतरावर बसलेला, मध्ये ही.

"अक्का, पेटीवाल्याला म्हनाव, लय लई जल्दी चढवून राह्यला."

"कौसल्या, ढोलकीला सांग, लय बराबर हाये. हात जड झालाय त्याचा."

दोघांनाही दोघांचं स्वच्छ ऐकू यायचं, तरी कौसल्येला ते पुन्हा बोलून दाखवावं लागायचं. नाहीतर निरोप पोचला असं दोघांच्याही हिशेबी धरलं जात नसे. तालमीत जे समोरासमोर बोललं जायचं ते ठीकच. पण पाठीमागचे निरोप वाईट असत, आणि ते कौसल्या पोचवताना बदलून टाकायची. एकदा तातेराव तिच्या चुलीपाशी बसून म्हणाला, "पेटी माझ्या बापाची. गळा माझ्या बहिनीचा. त्या मानसाचं सोताचं हाये तरी काय? इचार त्याला." अप्पाराव संध्याकाळी घरी आले तेव्हा तिने सांगितलं, "तात्या म्हनत व्हता, काल पेटी चांगली लागल्ती." अप्पाराव नुसते हुं म्हणाले. पण त्या रात्री त्यांनी भाकर जास्तीची मागून घेतली.

आता यातली खरी गंमत अशी, की अबोला जसजसा मुरत गेला तसतशी पार्टी बांधली जात गेली. का, ते कौसल्येला हळूहळू उमगलं, कारण दोघांच्या मधोमध बसून गाणारी तीच. अप्पाराव मानेने खूण करायचे ते त्यांनी बंद केलं होतं, मेव्हण्याला खूण करणं म्हणजे बोलल्यासारखंच. तेव्हा लय कधी वाढणार हे तातेरावाला पेटीच्या भात्यावरून ओळखावं लागे. लय वाढवायच्या आधी अप्पाराव भाता जरा लांब ओढत, आणि एवढ्या एका ओढीवर तातेराव टपलेला असे. तोड घ्यायच्या आधी तातेराव ढोलकीचं डावं अंग एकदाच घुमवायचा, आणि त्या घुमण्याकडे अप्पारावांचा कान लागलेला असे. चूक आपल्या माथी येऊ नये, आली तर समोरच्याच्या यावी, म्हणून दोघं एकमेकांना कानात प्राण आणून ऐकत. नवरा-बायको नीट संसार करताना एकमेकांकडे लक्ष देणार नाहीत, इतकं लक्ष या दोघांचं एकमेकांवर होतं. लोक टाळ्या वाजवायचे.

कौसल्या मात्र यात पिळून निघत होती. तिचं माहेर त्याच गावात, चार घरं ओलांडून. पण ती एकटी जायची आणि एकटी यायची. म्हातारी आई, चांगुणाबाई, दर वेळी दाराबाहेर बघायची, मागून जावई येतोय का. कौसल्येला मूलबाळ नव्हतं. भावाची मुलगी बेबीनंदा हिलाच तिने अंगाखांद्यावर वाढवलं होतं, आणि आता वैशाखात बेबीनंदाचं लग्न ठरलं होतं. अप्पाराव म्हणाले, "तू जा. मला कोनी बोलावलं न्हाई." तातेराव म्हणाला, "सगळ्या गावाला बोलावनं हाये. मी येगळं सांगनार न्हाई." आपल्या हाताने वाढवलेल्या मुलीच्या लग्नात आपला नवरा नसणार, या विचाराने कौसल्या रात्ररात्र तळमळत राहिली.

शेवटी चांगुणाबाईंनीच मनावर घेतलं. फाल्गुनात एके दिवशी त्या काठी टेकत लेकीच्या घरी आल्या. तालमीसाठी तातेराव बसलेला होताच. म्हातारीने घरून येसर मसाल्याची आमटी आणली होती. त्यांनी एकच परात मधोमध ठेवली, तीत भाकरी कुस्करल्या, वरून आमटी ओतली आणि जावयाला म्हणाल्या, "जावई, मी मेल्यावर माझ्या नावानं जेवान, ते आजच जेवा. तात्या, तूबी बस. दोघं एकाच परातीत. मला बघू द्या."

म्हातारीपुढे कुणाची काय टाप. दोघं बसले. बराच वेळ परातीच्या आपापल्या बाजूचं खात राहिले. मग अप्पाराव भिंतीकडे बघून म्हणाले, "मीठ कमी हाये." तातेराव परातीकडे बघून म्हणाला, "हाये की. तुमच्या बाजूला कमी आसंल." आणि त्याने मिठाची वाटी सरकवली. कौसल्या उठून आत गेली आणि तोंडावर पदर दाबून रडली. इतकं बरं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

त्यानंतरचे काही दिवस घरात सणासारखे गेले. तातेराव येताच "दाजी, चहा झाला का", अप्पारावांचं "या तातेराव, तुमचीच वाट बघून राह्यलो". लग्नाला आचारी कोण, मांडव कुणाचा, सगळं विचारून व्हायला लागलं. दोन वर्षांचं तुंबलेलं बोलणं, ते संपता संपेना. तालीम सुरू व्हायलाच दिवे लागायचे.

आणि तालीम सुरू झाली की कौसल्या गाता गाता आळीपाळीने दोघांकडे बघायला लागायची.

गाणं सैल पडलं होतं. आधी तिला वाटलं आपलाच भास. मग तिने नीट कान दिला. कडवं संपलं की अप्पाराव लय वाढवायच्या आधी मेव्हण्याकडे बघून हसत, म्हणजे घेऊ का? तातेराव मान हलवी, म्हणजे तुम्ही म्हणाल तसं. या मानपानात एक मात्रा सांडून जाई. तोडीच्या वेळी तर दोघंही एकमेकांसाठी थांबत. नको तुम्ही, नको तुम्ही, आणि तोड दोन वेळा संपे, एकदा पेटीची आणि एकदा ढोलकीची. पूर्वी दोघं एकमेकांचे हात ऐकत होते. आता एकमेकांचं मन सांभाळत होते. आणि ज्या जमिनीवर पाय रोवून ती गायची ती जमीनच हलायला लागली होती. ती बोलली, तर दोघंही म्हणाले, "व्हतंय की बराबर. तू उगं घोर लावून घेऊ नको."

शेजारच्या गावात एका नामकरणाच्या कार्यक्रमात ते उघडकीला आलं. चांगलं चाललेलं गाणं शेवटच्या ओळीत फाटलं. समोरचा एक म्हातारा बाजूच्याला म्हणाला, "पार्टी सुटली गड्या." हे तिघांनीही ऐकलं. परतताना अप्पाराव गप्प होते, तातेराव गप्प होता. दोघांच्या गप्प बसण्यात कौसल्येला जुनी ओळखीची धार दिसली. आता जर मोठ्या कार्यक्रमात असंच झालं, तर हा म्हणेल तू चुकलास, तो म्हणेल तुम्ही चुकलात, आणि लग्न पंधरवड्यावर असताना पुन्हा तोंडं दोन दिशांना. मोठा कार्यक्रम तर समोरच होता. अंबडची जयंती.

खंजिरी वाजवणारा कडूबा पार्टीतला थट्टेखोर माणूस. त्याच्याही ध्यानात सगळं आलं होतं. अंबडला जाताना एस.टी.त तो कौसल्येजवळ वाकून म्हणाला, "वहिनी, एक इलाज हाये. ह्यांचं भांडन लावून द्या पुन्ना. पार्टी बिलकुल पहिल्यासारखी वाजंन."

"जीभ आवर," कौसल्या म्हणाली. पण गाडी अंबडला पोचेपर्यंत तिच्या डोक्यातून ते गेलं नाही. कारण इलाज तिच्याजवळ खरोखरच होता. दोन वर्षांत न पोचवलेले सगळे निरोप तिच्या पोटात तसेच पडून होते.

मैदान भरलेलं होतं. निळी निशाणं, गाड्या करून आलेली गावंच्या गावं, पुढे बायका-मुलं. ऊन कलल्यावर आधी जालन्याची एक पार्टी गायली, बेंजो वगैरे घेऊन, आणि झकास गायली. मग अप्पारावांच्या पार्टीचं पहिलं गाणं झालं. मोडलं नाही, पण सुटंसुटं झालं. झील धरणाऱ्यांना, म्हणजे ध्रुपदाची ओळ उचलून धरणाऱ्यांना, कधी शिरायचं तेच कळेना, कारण पेटी एक सांगत होती आणि ढोलकी दुसरं. टाळ्या पडल्या त्या पाहुण्यांना चहा द्यावा तशा. दुसऱ्या गाण्याआधी कुणाचं तरी भाषण होतं. पार्टी मंचाच्या मागे गेली. तातेराव ढोलकी घेऊन लांब जाऊन उभा राहिला. अप्पाराव कौसल्येजवळ आले. त्यांचं तोंड उतरलं होतं.

"आधी कसं बराबर व्हत व्हतं," ते म्हणाले. मग तिच्याकडे न बघता विचारलं, "कौसल्या, खरं सांग. त्या दोन वर्सांत तातेराव माझ्या माघारी काय म्हनायचा?"

वाक्य तिच्या ओठावर आलं. पेटी माझ्या बापाची, गळा माझ्या बहिणीचा, त्या माणसाचं स्वतःचं आहे तरी काय. तेवढं बोललं की अप्पाराव पेट घेतलेल्या माणसासारखे पेटीवर बसतील, भात्याच्या एकेका ओढीत मेव्हण्याला जाब विचारतील, आणि तातेराव तो जाब थापेथापेला देईल. अंबडचं मैदान उठून उभं राहील. तिचा गळाही पूर्वीसारखा मोकळा होईल. आणि गाणं हे एकच तिचं होतं. मूल नाही, शेत नाही, घर नवऱ्याच्या नावाचं. मंचावर जेव्हा सगळं एकदम येऊन समेवर पडायचं, तेव्हा आपण जन्माला आलो ते बरं झालं असं तिला वाटायचं. ते परत मिळवणं एका वाक्याच्या अंतरावर होतं. तिने नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. परातीपाशी मिठाची वाटी घेणारा तोच चेहरा.

"पेटी चांगली लागती म्हनायचा," ती म्हणाली.

"बस?"

"बस."

अप्पारावांना ते ऐकून आनंद झाला की निराशा झाली, त्यांचं त्यांनाच कळलं नसेल. पण तातेरावाचं ते वाक्य कौसल्येच्या ओठावरून मागे गेलं ते सरळ छातीत जाऊन बसलं. इतके दिवस तिने त्यात फक्त नवऱ्याचा अपमान ऐकला होता. गळा बहिणीचा, हेही त्यातच होतं, आणि ते कुणी ऐकलं नव्हतं, तिने स्वतःसुद्धा. दोन वर्षं सगळं तिच्यातून गेलं, लय, सूर, रुसवे, निरोप. तरी सूर पेटीने द्यायचा, उचल ढोलकीने घ्यायची, आणि दोघांचं ठरलं की मग तिने तोंड उघडायचं. हे असं कुणी ठरवलं होतं, ते तिला काही केल्या आठवेना. तिला राग आला. भावाचा नाही, नवऱ्याचा नाही, आपल्या मुकाट वाट बघण्याचा आला.

पुन्हा मंचावर बसल्यावर अप्पारावांनी भाता उघडला आणि सवयीप्रमाणे मेव्हण्याकडे पाहिलं. तातेराव मान हलवणार तेवढ्यात कौसल्येने गायला सुरुवात केली. पेटीविना, ढोलकीविना. गाणं त्यांच्याच पार्टीचं, तिच्या वडिलांनी रचलेलं.

"दोर माझ्या हाती आला, पानी माझं झालं..."

मैदानातली कुजबुज थांबली. अप्पाराव गडबडले, घाईने सूर शोधून तिच्यामागे लागले. तातेरावाने हळूच ठेका धरला. लय दोघांच्याही नेहमीच्या लयीपेक्षा सावकाश होती, आणि ती दोघांपैकी कुणाचीच नव्हती. पहिल्या कडव्यानंतर अप्पारावांनी लय वाढवायला भाता ओढला, पण कौसल्येने लय वाढवलीच नाही. त्यांना मागे यावं लागलं. दुसऱ्या कडव्याला ती अचानक पुढे निघाली तेव्हा तातेरावाला धावत गाठावं लागलं. आता दोघं एकमेकांकडे बघत नव्हते. बघायला सवडच नव्हती. दोघांचे डोळे तिच्यावर होते, खांदे कधी उचलतात, श्वास कधी भरते. कडूबाने खंजिरी पोटाशी धरून ठेवली होती, इशारा कळेपर्यंत वाजवायची नाही म्हणून.

शेवटच्या वेळी ती ध्रुपदावर आली आणि "दोर माझ्या हाती आला, पानी" एवढं म्हणून थांबली. पेटी थांबली. ढोलकीवरचा हात वरच राहिला. समोर बसलेल्या बायका तोंड उघडून तिच्याकडे बघत होत्या. तिने त्यांना तसंच बसू दिलं, अगदी तिला वाटलं तेवढा वेळ. मग खांदे उचलले आणि "माझं झालं" म्हणत ती समेवर आली, आणि त्याच क्षणी पेटी, ढोलकी, खंजिरी, झील, सगळं तिच्याबरोबर येऊन पडलं. मागे एक कण उरला नाही. मैदान उठून उभं राहिलं ते तिला दिसलं नाही, डोळे भरून आले होते.

कार्यक्रमानंतर एका मास्तरांच्या अंगणात पार्टीची जेवणं झाली. मेव्हणे-दाजी शेजारी शेजारी बसले होते. कौसल्या बायकांच्या पंगतीत, त्यांच्या पाठीमागेच, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. कुणीतरी गाण्याची तारीफ करून गेलं. तो गेल्यावर अप्पाराव खालच्या आवाजात म्हणाले, "तारीफ ठीक हाये. पन हे असं गायचं असतं का? न सांगता उचललं. माझा भाता रिकामा."

"मला तर घाम फुटला दाजी," तातेराव म्हणाला. "मधीच थांबली ती थांबलीच. हात वर धरून धरून खांदा दुखला."

"आता तुमीच सांगा, आपली काही चूक व्हती का?"

"बिलकुल न्हाई. तुमची न्हाई, माझी न्हाई. अक्काचीच चूक."

"तेच म्हनतो मी."

मनापासून, कसलाही मान न सांभाळता, दोघांचं एवढं एकमत गेल्या कित्येक वर्षांत झालं नव्हतं. कौसल्येला वाईट वाटलं. ती जे काही गायली त्यातलं चांगलं असं एक अक्षर त्या दोघांच्या तोंडून निघालं नाही. मग मागून तातेरावाचा आवाज आला, "दाजी, लग्नाच्या आदल्या दिवशीच या. आन्हेर काय घ्यायचा ते तुमीच बघा," आणि अप्पाराव म्हणाले, "येतो की. आपलंच घर हाये." तिने पुढचा घास सुखाने घेतला.

हात धुवायला उठल्यावर अप्पाराव तिच्यापाशी येऊन उभे राहिले. तातेराव मागे होताच.

"कौसल्या, पुढच्या बारीलाबी तू असंच करनार हायेस का?"

"व्हय," कौसल्या म्हणाली.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "मंग आमाला सारखं तुझ्याकडंच बघत बसावं लागंन," तातेराव म्हणाला.

"बसा की," ती म्हणाली, आणि तांब्या नवऱ्याच्या हातात दिला.